तापीच्या बेटावरचा ‘येस’

नाताळच्या सुट्टीत मी एका बेटावर जाणार आहे, असं मी वसतिगृहात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ते बेट तापी नदीत आहे, पावसाळाभर पाण्याखाली असतं आणि दिवाळीनंतर हळूहळू डोकं वर काढतं, एवढा तपशील मी गाळला होता. कोणी सावंतवाडीला आजोळी जाणार होता, कोणी मुंबईला काकाकडे. त्यांच्यात बेटावर जाणारा मी एकटाच, त्यामुळे आठवडाभर माझा भाव चांगलाच वधारला. लोणावळ्यापलीकडे पाऊल न टाकलेल्या पुण्याच्या मुलाला बेट म्हणजे नारळाची झाडं आणि निळं पाणी एवढंच ठाऊक असतं. मीही मनातून तेच बघायला निघालो होतो.

बोलावणं होतं माझ्या खोलीतल्या मित्राचं. त्याचं गाव पश्चिम खानदेशात, सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला, अगदी तापीच्या काठावर. घरची मोठी शेती, गोठ्यात बैल, दारात घोडी, आणि वडिलांना गावात मान. त्यांना सगळे आबा म्हणत. मी आजवर त्यांना पाहिलं नव्हतं, पण दर सणाला त्यांच्याकडून येणारा शेंगदाण्याच्या लाडूंचा डबा अर्ध्याहून जास्त मीच संपवत असे. तेव्हा मी त्यांना फार भला माणूस समजत होतो.

या बोलावण्याला एक पोटभाग आहे हे मला जळगावला गाडी बदलल्यावर कळलं. दिवाळीत आबांनी मित्राला सांगितलं होतं की शिक्षण पुरे झालं, आता नाताळात घरी ये, तेव्हा काय ते ठरवू. ठरवू म्हणजे परत पाठवायचं की नाही ते. त्याचं बी. ए. अजून दीड वर्ष लांब होतं. त्याला शिकायचं होतं, इतकं की परीक्षेच्या दिवसांत तो झोपेत व्याकरणाचे नियम बोलायचा आणि मला जाग यायची.

‘‘आबांना शेतीवर माणूस हवा आहे,’’ तो म्हणाला. ‘‘शिकून माणूस किती सुसंस्कृत होतो हे एकदा त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, की ते नाही म्हणणार नाहीत. म्हणून तुला नेतोय. तू नमुना आहेस.’’

मला फार बरं वाटलं. ‘नमुना’ या शब्दाला दुसराही अर्थ आहे हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मग दोंडाईचा येईपर्यंत त्याने मला सूचना दिल्या. भाषा शुद्ध ठेवायची. हळू बोलायचं. वाढतील ते खायचं, तिखट लागलं तरी तोंड वाकडं करायचं नाही. आणि काही झालं तरी आबांच्या समोर इंग्रजीचा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही. त्यामागेही इतिहास होता. एकदा कुठल्याशा शिकलेल्या पाहुण्याने पंगतीत आबांना ‘थँक्यू’ म्हटलं. आबांना ऐकू आलं ‘ताक’. त्यांनी उठून स्वतःच्या हाताने त्याच्या शिऱ्यावर तांब्याभर ताक ओतलं. पाहुणा तिरमिरीत उठून गेला, आणि तेव्हापासून इंग्रजी ही पाहुणे बिघडवणारी भाषा आहे असं आबांचं मत झालं होतं. आता नवा कोणी शिकलेला आला की ते त्याला बोलण्यात गुंतवून बघतात, असंही मित्र म्हणाला. हे शेवटचं वाक्य त्याने म्हटलं नसतं तर पुढचं रामायण घडलं नसतं.

माझ्या या मित्राबद्दल थोडं सांगायला हवं. तो पहिल्यांदा वसतिगृहात आला तेव्हा दारात उभं राहून म्हणाला होता, ‘‘मन्ही खोली कोठे शे?’’ त्यावर सगळं वसतिगृह हसलं. खानदेशात घरोघर अहिराणी बोलतात, तिथे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात आणि ‘माझा’ला ‘मन्हा’, हे आमच्यातल्या कोणाच्या बापाला ठाऊक होतं? तो मात्र हसला नाही. त्याने दार लावून घेतलं आणि एका सहामाहीत जीभ अशी घासूनपुसून काढली की सदाशिव पेठेतल्या माणसाने त्याच्याकडून ‘न’ आणि ‘ण’मधला फरक शिकावा. मी तर त्याच्यापुढे बोलताना दोनदा विचार करायचो.

घरी पोचलो तेव्हा त्याची आई ओसरीवर तूर निवडत बसली होती. हा पाया पडला आणि म्हणाला, ‘‘आई, प्रवासाने फार शीण आला आहे. थोडे पाणी मिळेल काय?’’ त्या माउलीने आधी मागे वळून पाहिलं, की आणखी कोण आलंय. मग लगबगीने आत गेली आणि पाणी आणलं ते पाहुण्यांच्या पितळी पेल्यातून. मला आणि त्याला, दोघांनाही.

आबा उंच, काळेसावळे, भरघोस मिशांचे. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली. दोन दिवस मी बघत होतो, बापलेकांचं बोलणं म्हणजे कचेरीतल्या कामासारखं चाललं होतं. आबा विचारायचे, ‘‘जेवना का?’’ हा सांगायचा, ‘‘होय आबा, आताच भोजन झाले.’’ की आबा उठून गोठ्याकडे जायचे. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा नुकतीच संपली होती, घरी येणारा प्रत्येक माणूस घोड्यांवर बोलायचा, आणि आबा त्यांच्याशी तास तास हसायचे. मुलगा ओसरीवर आला की गप्प. मित्र रात्री मला म्हणायचा की अजून आपण कमी पडतोय, उद्यापासून आणखी जपून बोलू. आम्ही आणखी जपून बोलायला लागलो. आबा आणखी वेळ गोठ्यात बसायला लागले.

तिसऱ्या दिवशी बेटावर भरताचं जेवण ठरलं. खानदेशात हिवाळ्यात भरीत म्हणजे घरात बसून खायची गोष्ट नाही. मळ्यात नाहीतर नदीवर जायचं, उघड्यावर जाळ करायचा, पाचपंचवीस माणसं गोळा करायची. आबांनी शेजारपाजारचे शेतकरी बोलावले होते, बायका बरोबर होत्या, आणि बेटावर राहणारी नावाड्याची माणसं तर यजमानच होती. आदल्या संध्याकाळी आबा मुलाला म्हणाले की उद्या जेवणं झाली की तुझं काय ते सांगतो. म्हणजे माझ्या हाताशी एक दुपार उरली होती.

सकाळी नाव लागली. नावाडी म्हातारा, अंगाने काटकुळा, पण बांबू टोचला की नाव सरळ जायची. पहिल्या फेरीत त्याने मला, वांग्यांची पोती आणि लाकडं एवढं पलीकडे सोडलं. मित्र आणि बाकीचे पुढच्या फेरीला येणार होते. मी वाळूत उतरलो, मोजे भिजले ते पिळत होतो, तेवढ्यात म्हातारा बांबू टेकवून माझ्याकडे बघत म्हणाला, ‘‘येस.’’ आणि गेला.

मी पिळता पिळता थांबलो. कमरेला पंचा गुंडाळलेला माणूस तापीच्या मध्यावर माझ्याशी इंग्रजी बोलून गेला होता.

आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण थोड्या वेळाने त्याची सून झोपडीतून बाहेर आली, पलीकडच्या किनाऱ्यावरून कोणी हाक मारली, त्यावर तिनेही हात करून ओरडून सांगितलं, ‘‘येस, येस.’’ मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आबा. माझी परीक्षा घ्यायला त्यांनी सगळ्या बेटाला हा एक शब्द पढवून ठेवला होता. नकळत माझ्या तोंडून इंग्रजी निघावं आणि सगळ्यांसमोर मुलाचं शिक्षण खोटं ठरावं, असा डाव. गाडीत मित्र म्हणालाच होता, बोलण्यात गुंतवून बघतात म्हणून. मी दात आवळले. पुण्याचा माणूस इतक्या सहज सापडत नाही.

हा निश्चय करून मी ऐटीत बेटावर फेरी मारायला निघालो आणि एका खड्ड्यात कमरेपर्यंत गेलो. बेटभर असले खड्डे ओळीने खणलेले होते आणि त्यांत शेणखत टाकलं होतं. माझ्या खड्ड्यातलं खत ताजं होतं. सून धावत आली, मला हाताला धरून वर काढलं आणि खड्ड्यांकडे बोट दाखवून समजावलं, ‘‘डांगर, डांगर.’’ आमच्याकडे डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचं, कांदा घालून केलेलं तोंडीलावणं. मला लहानपणापासून त्याचा तिटकारा. खड्डाभर खताशी त्याचा काय संबंध असेल याचा मी विचार केला, पण तो विचार फार वेळ करण्यासारखा नव्हता. नदीत जाऊन पाय धुऊन आलो.

दुपारपर्यंत बेट माणसांनी भरलं. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा मोठा जाळ झाला, त्यात वांगी टाकली. ती वांगी बघून मला आधी दुधी भोपळे वाटले, एवढाली, हिरवी-पांढरी. साल काळी पडून फुटली की बाहेर ओढायची आणि गरम गरम सोलायची. पाहुण्याचा मान म्हणून पहिलं वांगं माझ्या हातात दिलं. मी ते सोडलं. ते वाळूत पडलं. दुसरं दिलं, तेही मी सोडलं, पण या वेळी आबांच्या पायावर. आबांनी पाय झटकला, माझ्याकडे पाहिलं आणि तिसरं वांगं स्वतःच सोललं. मित्र पलीकडून मला डोळ्यांनी खुणावत होता. मी ‘क्षमस्व’ म्हणालो. कोणाला तो शब्द कळला नाही, पण माझा चेहरा बघून दोन बायकांनी पदर तोंडाला लावला.

मग सोललेली वांगी लाकडाच्या खोलगट काठवटीत घालून ठेचायला घेतली. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून कडकडीत तेल. मिरच्या किती टाकल्या ते मी बघितलं आणि मग बघायचं बंद केलं. वाळूवर ओळीने बसलो, पुढ्यात केळीची पानं, कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली, आणि तिच्यावर भरताचा डोंगर. आजवर कुठल्या जेवणाला इतकी चव लागलेली नाही हे मी शपथेवर सांगतो. पण पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्याला कानातून वाफ निघायला लागली. सूचना ध्यानात होती, तोंड वाकडं करायचं नाही. मी रडत रडत हसत होतो. समोरची माणसं ते बघून इतकी खूश झाली की वाढायचं थांबेनात.

आबासुद्धा खुलले होते. मी तिसरी भाकरी घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे हसून पाहिलं. त्यांच्या लेखी माणूस पारखायला खाणं पुरेसं असावं. जवळ सरकून बसले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

‘‘उन्हायामा डांगर खावाले येस का, भाऊ?’’

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. मी ओळखलं, आता आला तो क्षण. ‘उन्हाया’ कळलं नाही. डांगर कळलं, आणि त्याच्या पाठीमागे दबा धरून बसलेला तो ‘येस’ही कळला. मी घास गिळला, ताठ बसलो आणि स्वच्छ, हळू, शुद्ध भाषेत म्हणालो,

‘‘मुळीच नाही. डांगराचा मला तिटकारा आहे. आणि ते दुसरं तर मी इथे तोंडातूनही काढणार नाही.’’

माझी खात्री होती की आबा आता मांडीवर थाप मारून शाबास म्हणतील. आबांनी पाठीवरचा हात काढून घेतला. म्हाताऱ्या नावाड्याने हातातला घास खाली ठेवला. त्याची सून दोन्ही हात मांडीवर ठेवून खड्ड्यांकडे बघत बसली. काहीतरी भयंकर झालं आहे हे मला कळलं, काय ते कळेना. म्हणून मी चूक सावरायला आणखी एकदा, जरा मोठ्याने म्हणालो, ‘‘नाही म्हणजे नाही.’’

आणि मग माझा मित्र उठला. पान लाथेने उडालं. चेहरा लालबुंद. मी त्याला दोन वर्षांत रागावलेलं पाहिलं नव्हतं. पुण्यात तो रागावला की ‘हे उचित नव्हे’ एवढंच म्हणायचा.

‘‘आरे, तुले आक्कल शे का?’’ तो ओरडला. ‘‘डोकामा भुसा भरेल शे का तुन्हा? आबा तुले घर बलाई ऱ्हायनात, उन्हायामा डांगर खावाले ये म्हनी ऱ्हायनात, अन् तू नही म्हनस? तो तुन्हा सायबाना येस नही शे, गाढवा! आठे मी येस, तू येस, तो बी येस! ह्या गरीब मानसं डांगर लाईसन पोट भरतस, अन् तू त्यासना तोंडवर तिटकारा शे म्हनस? मन्हा बापनं नाक काटाले आनं का मी तुले आठे?’’

मला त्यातलं गाढव नेमकं कळलं, बाकीचं तो पुढे समजावेपर्यंत कळलं नाही. ‘येस’ म्हणजे येतो, येतोस, येतं, सगळं काही. नावाडी मला ‘येतो हं’ म्हणून गेला होता. सुनेने पलीकडच्या माणसाला ‘येते, येते’ म्हटलं होतं. आणि डांगर म्हणजे उडदाचं पीठ नव्हे, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत पिकणारी गोड खरबुजं, ज्यांच्यासाठी ते खड्डे खणले होते आणि ज्यांच्यावर त्या नावाड्याचं वर्ष निघत होतं. आबांनी मला त्यांच्यातली सगळ्यात गोड गोष्ट खायला बोलावलं होतं, आणि मी ती त्यांच्या तोंडावर फेकली होती. मला त्या खड्ड्यात परत जाऊन बसावंसं वाटलं.

मित्र अजून बोलतच होता. मला ओरडून झाल्यावर तो नावाड्याकडे वळला, त्याला काहीतरी मऊ सुरात सांगितलं, म्हाताऱ्याने त्याला उलटं काही म्हटलं, त्यावर हा चिडून उत्तरला आणि म्हातारा खो खो हसायला लागला. सूनही हसली. मग त्याची आई काही म्हणाली, त्याने तिलाही हातवारे करत झापलं, ‘‘तू गप ऱ्हाय व माय, तुले काय समजस!’’ आणि ती बाई, आजच मुलाकडून पहिल्यांदा ओरडा खाणारी, अशी हसली की डोळे पुसायला लागली. ‘आई’ गेली होती आणि ‘माय’ परत आली होती, हे मला तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

आबा मात्र हसत नव्हते. भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून ते मुलाकडे एकटक बघत होते.

मित्राला अचानक भान आलं. पायाशी सांडलेलं भरीत, सगळ्यांच्या नजरा, आणि समोर आबा. त्याचा चेहरा उतरला. दोन वर्षांचं कमावलेलं आबांच्या देखत वाळूत सांडलं असं त्याला वाटलं असणार. त्याने टोपी सरळ केली, हात जोडले आणि म्हणाला, ‘‘क्षमा करा, आबा. माझा तोल सुटला. असे पुन्हा घडणार नाही.’’

‘‘नही,’’ आबा म्हणाले. ‘‘हाई नही. पहिलं बोल.’’

मित्राला कळेना. मलाही नाही.

‘‘आते बोलना तसं बोल,’’ आबा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. ‘‘तू उना तव्हयपासून माले वाटे, घरमा कोनी सरकारी मानूस उतरेल शे. मी तुले जेवना का विचारस, अन् तू माले अर्ज लिखस तसा जबाब देस. म्हतलं, गया. पोऱ्या हातमाईन गया. आजून दीड वरीस धाडं ते वयखू बी येवाव नही.’’

मित्र तसाच उभा, हात जोडलेले, तोंड उघडं. शेतीवर माणूस हवा हे सगळं त्याच्याच डोक्यातलं होतं. आबांकडे शेतीला माणसं उदंड होती. त्यांना भीती होती ती पोरगा ओळखूही येणार नाही इतका परका होईल याची, आणि आम्ही दोघे शहाणे तीन दिवस त्या भीतीला खतपाणी घालत होतो. मला आबांची फार दया आली, आणि स्वतःच्या शुद्ध उच्चारांची लाज वाटली.

मित्र खाली बसला. आबांच्या अगदी पुढ्यात, लहान मूल बसतं तसा, आणि म्हणाला, ‘‘नही, आबा. मी आठेच शे.’’ मी इथेच आहे, एवढंच. आबांनी आपल्या पानावरचं भरीत अर्धं त्याच्या हातावर ठेवलं. ‘‘खाय. अन् पुणाले जाय. शिक जितलं शिकनं शे तितलं. पन घर उना म्हंजे माले साहेब दखाडू नको.’’

असा निकाल लागला. मी मग नावाड्याच्या सुनेपाशी गेलो आणि हात जोडून सांगितलं की मी उन्हाळ्यात नक्की येस. बरोबर म्हटलं की चूक ते देव जाणे, पण तिने मला आणखी एक भाकरी वाढली. तीही मी खाल्ली. ती पचवायला मला दोन दिवस लागले.

उन्हं कलायला लागल्यावर आम्ही नावेशी आलो. मित्र पुढे नावाड्याशी वाद घालत होता, बांबू मी धरतो म्हणून. आबांनी मला बाजूला घेतलं. माझ्यासाठी त्यांनी शाळेतली मराठी बाहेर काढली, चारच इयत्ता शिकलेली, प्रत्येक शब्द तपासून बोलत होते.

‘‘एक विनंती आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही त्याच्याबरोबर राहता. महिन्यातून एकदा तरी त्याला राग येईल असं काही करत जा.’’

मी म्हणालो, आबा, त्याची काळजी करू नका, ते मला जमतं.

आणि जमलंही. कधी त्याचं पुस्तक हरवून, कधी त्याचा एकुलता एक इस्त्रीचा सदरा घालून फिरून, मी आबांचं काम इमानेइतबारे करत राहिलो. वसतिगृहातली मुलं आमच्या दाराशी त्याची अहिराणी ऐकायला जमायची. ती आता हसायची ती त्याला नव्हे, मला. उन्हाळ्यात मी बेटावर जाऊन डांगरंही खाऊन आलो आणि त्यांच्याबद्दल एक अक्षर वाईट बोललो नाही.

तो बी. ए. झाला तेव्हा आबा पुण्याला आले. मुलाचा फोटो काढायचा होता. फोटोवाल्याकडे पदवीधरांचा काळा झगा भाड्याने मिळायचा, तो घालून मित्र खुर्चीच्या मागे उभा राहिला. खुर्चीत नवा फेटा बांधून आबा. फोटोवाला सांगत होता, मान सरळ, हनुवटी वर, हलू नका. मित्राचा चेहरा ताठ झाला, ओठ मिटले, तो मला आठवला तसा दिसायला लागला, पितळी पेल्यातून पाणी पिणारा. आबा खुर्चीत अवघडून बसले. त्यांनी वर मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी झग्याचा घोळ सरळ करतो असं दाखवत पुढे झालो आणि त्याच्यावर पाय देऊन उभा राहिलो. मित्राने खांदा हलवला आणि झगा टरकन फाटला. फोटोवाल्याचं तोंड काळ्या फडक्याखाली होतं, त्याला काही दिसलं नसावं, त्याने त्याच वेळी बटण दाबलं.

तो फोटो त्यांच्या घरी ओसरीवर लावलेला आहे. त्यात मित्राचा चेहरा ओळखू येत नाही, कारण तो माझ्याकडे वळून जोरजोरात ओरडतो आहे आणि हलल्यामुळे तो पुसट आला आहे. आबांचा चेहरा मात्र स्वच्छ आला आहे. फोटोवाला दुसरा काढून देतो म्हणत होता, पैसेही घेत नव्हता. आबांनी ऐकलं नाही.